उभा धागा कोणी ओढलाच नाही

दोन कुर्ते शिवून घेण्यासाठी परवडणारे हातमागाचे कापड शोधत असताना एका तात्पुरत्या प्रदर्शन-विक्रीत माझी फसवणूक झाली. दर नेहमीच्या जवळजवळ निम्मा होता, तेव्हा शंकेची पाल चुकचुकायलाच हवी होती. परंतु मी काही विचारण्यापूर्वीच विक्रेत्याने सांगून टाकले, की मधली दलाली नाही, माल थेट विणकराकडून येतो. कापडात जागोजागी जाड-बारीक सूत होते, मधूनच एखादी गाठ होती. त्या गाठीवर बोट ठेवून तो म्हणाला, ''ताई, हाताने विणले की हे येणारच.'' एरवी मी जो दोष दाखवून भाव पाडला असता, तोच मला अस्सलपणाचा दाखला वाटला. मुद्दाम जाड-बारीक कातलेले सूत गिरणीतही तयार होते आणि यंत्रमागावर सर्रास विणले जाते, हे मला फार उशिरा कळले.

नंतरची युक्ती अधिक सफाईदार होती. त्याने ताग्याच्या कापलेल्या टोकातून एक धागा ओढला आणि माझ्यासमोर पेटवला. जळत्या कागदासारखा वास आला, राख चिमटीत विरून गेली. सुती धागा असाच जळतो, हे मला ठाऊक होते. म्हणून मी निर्धास्तपणे ५ मीटर कापड फाडून घेतले.

शिंपीकाकांनी पहिला कुर्ता बेतला आणि शिवण बसवण्यासाठी, सुती कापड समजून, त्यावर कडक इस्त्री फिरवली. इस्त्रीखाली कापड आक्रसले आणि तेवढ्या भागावर तकाकी आली. त्यांनी एका कातरणीतून आडवा आणि उभा असे दोन धागे वेगवेगळे काढून जाळले. आडवा धागा पूर्वीसारखाच जळाला. उभा मात्र ज्योतीपासून मागे सरत वितळला आणि त्याच्या टोकाशी काळा, टणक मणी उरला. कापलेल्या टोकातून सहज सुटतो तो आडवा, म्हणजे बाण्याचा धागा. विक्रेत्याने मला तेवढाच दाखवला होता. ताणा, म्हणजे उभा धागा, पॉलिएस्टरचा होता.

त्यानंतर काकांनी किनार उलगडली. हातमागावर धोटा, म्हणजे बाण्याचा धागा वाहून नेणारे साधन, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो आणि परततो, त्यामुळे बाण्याचा धागा काठाशी वळून पुन्हा आत शिरतो. माझ्या कापडाच्या काठाला मात्र कापलेल्या धाग्यांची बारीक झालर होती, जी बिनधोट्याच्या वेगवान मागावर राहते. अर्थात, बंद काठ दिसला म्हणून कापड हातमागाचेच ठरत नाही, कारण धोट्याच्या यंत्रमागावरही काठ बंदच निघतो. पण अशी झालर दिसली, तर ते हातमागाचे नाही, एवढे नक्की. मी मात्र दुकानात कापडाचा मधला भागच कुरवाळत बसले होते.

पिशवीवर ठळक अक्षरांत 'हँडलूम' असे छापलेले होते आणि मला ते पुरेसे वाटले होते, याची आता लाज वाटते. २००६ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेले 'हँडलूम मार्क' हे नोंदणीकृत चिन्ह वेगळे असते आणि ते लेबलच्या रूपाने मालावर लावलेले असते; तसे लेबल त्या ताग्यावर नव्हते आणि मी मागितलेही नव्हते.

फोन केला, तेव्हा विक्रेत्याचे उत्तर सरळ होते: ''बेतलेले कापड परत घेत नाही.'' उरलेल्या न कापलेल्या तुकड्याबद्दल विचारताच त्याने फोन ठेवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी, म्हणून मी बिल शोधून काढले. ते कच्चे होते. त्यावर दुकानाचे नाव नव्हते, हातमागाचा किंवा सुताचा उल्लेख नव्हता, फक्त 'कापड, ५ मी.' एवढेच लिहिलेले होते.