‘बोल्सेस मॉव्ह’ वॉलफ्लॉवर: फुलं भरभरून, आयुष्य बेताचं

वॉलफ्लॉवर हे बागेत लावायचं एक फुलझाड; त्याच्या बहुवर्षायू प्रकारांमधला सगळ्यात माहितीतला हा वाण. एडवर्ड ऑगस्टस बोल्स (1865–1954) या इंग्रज बागकामतज्ज्ञाचं नाव त्याला दिलंय. एक रोप वाफ्यात आणि एक कुंडीत लावून आता बरेच महिने झालेत, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

फुलांच्या बाबतीत पैकीच्या पैकी. थंडी पुरती सरायच्या आत कळ्या दिसायला लागल्या आणि उन्हाळा अर्धा गेला तरी तुरे थांबेनात. खालची फुलं गळत जातात, दांडा वर लांबत जातो आणि शेंड्याला नव्या कळ्यांचा घोस तयारच असतो. फूल चार पाकळ्यांचं, मोहरीच्या फुलासारखं, कूळही तेच. रंग जांभळा. पानं चिंचोळी, करडी-हिरवी आणि बारमाही, त्यामुळे बहर नसतानाही झुडूप ओकंबोकं दिसत नाही.

इतकी फुलं येतात कारण हा वाण वांझ आहे. बी पोसण्यात ताकद जात नाही, म्हणून झाड फुलतच राहतं. पण म्हणूनच नवीन रोप फक्त छाटकलमाने होतं. या नावाने कोणी बियांचं पाकीट पुढे केलं तर सरळ परत द्या.

वॉलफ्लॉवर म्हटल्यावर कुणाला सुवास आठवत असेल तर इथे निराशा होईल. तो गंध जुन्या, दोन वर्षांत आटोपणाऱ्या पिवळ्या-तांबड्या वॉलफ्लॉवरचा. याला वास जवळजवळ नाहीच. मधमाश्या आणि फुलपाखरं मात्र येतात.

निगा म्हणाल तर लाड न करणं हीच निगा. दिवसभर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा, एवढं मिळालं की झालं. माती हलकी, थोडी चुनखडीची असली तर उत्तमच. माझ्याकडे फरक स्पष्ट दिसला: वाफ्यात खताची माती भरपूर, तिथल्या फांद्या लांब, लुसलुशीत झाल्या आणि वाऱ्याने कलंडल्या. कुंडीत मातीबरोबर जाड वाळू आहे, तिथलं झुडूप आटोपशीर आणि घट्ट. थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल याला जास्त मारते.

छाटणीच्या वेळी फांदी नीट बघा. बुंध्याकडचा भाग तपकिरी, उघडा, लाकडासारखा. त्याच्या वर गळलेल्या पानांचे व्रण. आणि मग पानांचा हिरवा भाग सुरू होतो. बहर ओसरला की हिरव्या भागातच कापायचं, खाली थोडी पानं राहतील असं. जून लाकडात कात्री घातली तर तिथून बहुतेक वेळा फुटवा येत नाही.

पण कितीही नीट छाटलं तरी तीन ते पाच वर्षांत झुडूप लाकडी होतं, खाली उघडं आणि वर जड, आणि वाऱ्याने फाकतं. ‘बहुवर्षायू’ या पाटीवर भरवसा ठेवून कुणी घेतलं तर फसल्यासारखं वाटेल; विकणारे हे आपणहून सांगत नाहीत. त्यामुळे झाड तरुण आहे तोवरच कलमं करून ठेवायची. फूल न धरलेला कोंब बोटभर लांबीचा घ्यायचा, गाठीच्या जरा खाली कापायचा, खालची पानं काढायची आणि वाळूमिश्रित मातीत खोचून सावलीत ठेवायचा. खरी कसरत कोंब शोधताना होते, कारण जिथे बघावं तिथे कळ्या! बिनफुलाचा सापडलाच नाही तर कळ्या खुडून तोच लावायचा.

रोगकिडीचा त्रास कोबीवर्गातल्या इतर झाडांसारखाच. पिसू भुंगेऱ्यांनी पानांना बारीक भोकं पाडली, पण त्याने फुलांचं काही अडलं नाही. मुळं गाठाळून सुजण्याचा रोग मात्र गंभीर आहे आणि तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो. ज्या वाफ्यात कोबी-फ्लॉवरला तो झाला असेल, तिथे हे झाड लावूच नका. नव्या मातीची कुंडी बरी.