धूर-भाजणीसाठी 200 लिटरचं लोखंडी पिंप: घ्यावं का?

धूर-भाजणी म्हणजे आधी भाजलेली मातीची भांडी लाकडाच्या भुशात पुरून, तो धुमसवून काळी करणं. मोठे घट, सुरया, उभी भांडी करत असाल तर पिंप जरूर घ्या. वाट्या-पणत्यांसाठी मात्र नको. एवढं पिंप भरायला भुशाची पोतीच्या पोती जातात. तिथे 15 किलो तेलाचा रिकामा डबा पुरतो.

भंगारवाल्याकडे सुट्या झाकणाचं पिंप मागा. बंद तोंडाचं तेलाचं पिंप गॅसकटरने कापायला जाऊ नये, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. रसायनाचं किंवा जस्ताचा मुलामा असलेलंही नको. रंग दिलेलं असेल तर पहिला जाळ रिकाम्या पिंपात करून तो जाळून टाकावा, तोही वस्तीपासून लांब.

सगळा खेळ पिंपाला हवेसाठी पाडलेल्या भोकांचा. 10 मिमीची भोकं वीतभर अंतरावर पुरतात. कमी असली तर भुसा अर्ध्यावर विझतो. जास्त झाली तर पेट घेतो आणि भांड्यात मुरलेला कार्बनच जळून जातो. काळ्या तुकतुकीऐवजी फिके चट्टे हाती येतात. जादा भोकं ओल्या मातीने लिंपता येतात, त्यामुळे चूक सुधारते.

भांडी आधी 900 ते 950 अंशांवर भाजलेली हवीत. 1000 च्या पुढे माती धूर कमी पिते, घोटाईची, म्हणजे कच्चं भांडं गुळगुळीत दगडाने घासून आणलेली, चमकही उतरते. भुसा कोरडा आणि साध्या लाकडाचा. प्लायवूडचा नको, त्यातला गोंद जळतो. पिंपाचा खरा दोष त्याची खोली. भुसा वरून खाली जळत बसतो तसं वरचं भांडं खालच्यावर येऊन आदळतं, म्हणून दर थराला साध्या लोखंडाची जाळी हवीच. वरून कागद-काटक्यांनी पेटवावं, भुसा धुमसू लागला की झाकण किंचित फटीसह ठेवावं. रात्रभर हात लावू नये. पिंप गरम असताना उघडलं तर थंड हवेने रुंद बुडाची भांडी आणि ताटल्या आधी तडकतात.

मोरचूद आणि खडेमीठ टाकून लाल-नारिंगी छटा काढायच्या असतील तर पिंप निराश करतं. नुसत्या धुमसत्या भुशाची आच त्याला कमी पडते. लाकडाच्या जाळाचा खड्डाच बरा. दोन्हीकडे वाफा विषारी, तेव्हा वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहावं आणि मास्क लावावा.

निघालेली भांडी पुसून मेण चोळलं की शोभेला उत्तम. पाणी झिरपतंच, खाण्यापिण्याला वापरू नयेत. पावसाळ्यात पिंप उपडं ठेवा, बूड आधी गंजतं.