पावसाळाभर सायकलवर ओपन-इअर बड्स : बटण असेल तरच घ्या

सप्टेंबरात उजवा बड बंद पडला. सर्व्हिस सेंटरने हात वर केले, मग ईमेल, मग तक्रार. हे सगळं निकालात निघेपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण रागाच्या भरात लिहिलं की चांगल्या वस्तूवरही अन्याय होतो. आता निकाल लागलाय. वस्तू चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मागच्या दिवाळीत घेतले. तीन हजारांच्या आतबाहेर किंमत. कंपनीचं नाव घेत नाही. याच साच्याचे बड्स बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आणि मला जे सांगायचंय ते या प्रकाराबद्दल आहे. कानामागून आकडा जातो, स्पीकर कानाच्या भोकासमोर अधांतरी राहतो, कानात रबर घालायचं नाही. बेळगावात रोज वडगावातून अनगोळमार्गे उद्यमबागेत कामाला सायकलने जातो. रविवारी येळ्ळूर, राजहंसगड, कधी हिंडलगा-सुळग्यावरून शिनोळीपर्यंत. एवढ्या वापरावर हे लिहितोय.

याआधी रबरी टिपवाले होते. आवाजाला झकास, पण सायकलवर दोन गोष्टी नको झाल्या. राजहंसगडाच्या चढाला लागलं की कान बंद असल्यामुळे स्वतःचाच श्वास आत घुमायचा, गाणं त्याच्या मागे कुठेतरी. ते एक वेळ सोसता येतं. दुसरी गोष्ट सोसण्यासारखी नाही, ती म्हणजे उसाचे ट्रॅक्टर.

आपल्या भागात दिवाळीनंतर रस्ता कुणाचा असतो ते सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरने स्वतःचा साउंड एवढा लावलेला की तुमची घंटी त्याला ऐकू जाणं शक्यच नाही. म्हणजे ऐकायचं काम पूर्ण आपलं. इंजिनाचा आवाज रबरातूनही येतो, त्याची मला काळजी नव्हती. पण ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून हँडल जरा उजवीकडे घ्यावं, तर दुसरी ट्रॉली अजून शेजारूनच जात असते, तीही डुलत. ट्रॉलीला इंजिन नाही. तिचा आवाज म्हणजे हुकाचा खडखडाट आणि उसाची पाती घासल्याची सळसळ, बस्स. तो खडखडाट कानात रबर असताना येत नाही. ओपन-इअर बड्समध्ये येतो, गाणं चालू असतानाही येतो. माझ्या दृष्टीने खरेदीचं कारण इथेच संपतं.

कुणी म्हणेल, हल्ली बड्सना बाहेरचं ऐकवणारा अँबियंट मोड असतो की. असतो, आणि तो खोलीत छान चालतो. पण तो मोड बाहेरचा आवाज माइकमधून घेऊन कानात सोडतो, आणि सायकल वेगात असली की माइकवर वारा आदळतो. भावाचे बड्स घालून शिनोळी रस्त्याला गेलो होतो. उतारावर कानात नुसतं भस्स. शेवटी मोड बंद करावा लागला, म्हणजे पुन्हा कान बंदच.

एकच बड घालायचा असेल तर डावा घाला. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, मागून येणारं सगळं उजव्या अंगाने येतं, तो कान मोकळा हवा. आणि फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. नाहीतर स्टिरिओ गाण्यातला उजवीकडचा भाग तुम्हाला ऐकूच येत नाही, आणि लोक बडला नावं ठेवतात.

आता बटणाबद्दल. या बड्सच्या आकड्यावर, कानाच्या वरच्या बाजूला, एक खरंखुरं दाबायचं बटण आहे. तांदळाच्या दाण्याएवढं, वर रबराचं आवरण, दाबलं की टक्‌ असं बोटाला कळतं. जाहिरातीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. माझ्या मते सबंध वस्तूत सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

मी मशीन शॉपमध्ये आहे, त्यामुळे स्विच आणि सेन्सर यांच्याशी रोज संबंध येतो. टच पॅनेल बोट ओळखतं म्हणजे काय करतं, तर पृष्ठभागाजवळचा विद्युतभार किती बदलला ते मोजतं. बोटाने जो बदल होतो तसाच पाण्याच्या थेंबानेही होतो. बेळगावच्या पावसात हे किती महाग पडतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. इथे जून ते सप्टेंबर पाऊस धो-धो कमी आणि झड जास्त. तासन्‌तास रिमझिम, सगळं ओलं, काहीच वाळत नाही. आधीच्या टचवाल्या बड्सवर अशा दिवशी थेंब पडला की गाणं बंद, दुसरा पडला की पुढचं गाणं, आणि हेल्मेटचा ओला पट्टा टेकला की थेट शेवटच्या नंबरला फोन. एकदा सकाळी सातला आमच्या सुपरवायझरना फोन लागला. उलट हातमोजे घातले की तेच पॅनेल खऱ्या बोटालाही दाद देत नाही.

बटणाला हे काही लागू नाही. ओलं बोट, मोजे, घाम, ग्रीस लागलेला हात, काहीही असो. दाबलं तरच चालतं, नाही दाबलं तर गप्प बसतं. रस्त्यावरून नजर हलवावी लागत नाही. मागून काही आलं असं वाटलं की अंगठा वर, टक्‌, शांतता. घाईच्या क्षणी दोनदा थोपटायचं की तीनदा हे आठवत बसायला वेळ नसतो. आवाजासाठी दहा-वीस टक्के गुण कमी असले तरी मी बटणवालेच घेईन, आणि सायकलवाल्यांसाठी टचवाले बड्स विकूच नयेत असं माझं मत आहे.

आवाजाबद्दल माझं मत मात्र वापरताना बदललं, आणि दोनदा बदललं. पहिल्या महिन्यात मी नाराज होतो. कानात हवाबंद बसत नसल्यामुळे खालचे सूर बाहेर सांडतात, हा या प्रकाराचा जन्मजात दोष. ढोलकी ऐकू येते पण तिचा घुमारा नाही. मी ऐकतो बहुतेक शास्त्रीय आणि भजनं. सांबऱ्यावरून सुळेभावीला जाताना हटकून कुमार गंधर्व लावतो. १९२४ साली त्यांचा जन्म तिथलाच, आणि त्या गावाच्या रस्त्यावर त्यांचं गाणं लावल्याशिवाय मला जाववत नाही. तर झाडाखाली थांबून ऐकलं की तानपुरा पुरेसा लागायचा, आणि पॅडल मारलं की तानपुरा गायब. कुमारांची वर फेकलेली तान तेवढी स्वच्छ यायची, तिच्याखालची जमीन नाही. वाटलं, पैसे वाया.

पण नीट लक्ष दिल्यावर कळलं की दोष अर्धाच बड्सचा आहे. तानपुरा खात होता वारा, आणि वारा वाजत होता हेल्मेटच्या पट्ट्यावर. कानाच्या पुढून जाणारा जो पट्टा असतो, त्यावर हवा फाटते आणि तिचा आवाज थेट कानात जातो. बाहेर देशी यासाठी पट्ट्यावर चढवायचे लोकरी तुकडे तयार मिळतात. त्यासाठी वेगळे पैसे घालणं मला पटेना. आईने जुन्या माकडटोपीची दोन बोटं रुंद पट्टी कापून दोन्ही पट्ट्यांना, कानाच्या जरा पुढे, टाचून दिली. खर्च शून्य. फरक पहिल्याच दिवशी कळला. उतारावर अजूनही वारा जिंकतो, पण सपाटीला आणि चढाला तानपुरा परत आला, आणि आवाज चार पायऱ्या खाली ठेवता आला.

हे चार पायऱ्या खाली आणणं नुसतं चैनीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात. तेच ९० डेसिबलला ४ तासच. वाऱ्यावर मात करायला आवाज चढवत गेलं की आठवड्याचा कोटा दोन-तीन दिवसांत संपतो. आमच्या शॉपमध्ये आधीच दिवसभर खणखणाट, उरलेला कान तरी जपायला हवा.

मित्राकडे हाडांतून ऐकवणारे शॉक्सचे ओपनरन आहेत, तेही घालून बघितले. वजन २६ ग्रॅम, धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा आयपी६७, सायकलसाठी वस्तू म्हणून उत्तम, आणि त्यालाही खरी बटणं. पण डोक्यामागून जाणारी तार हेल्मेटच्या मागच्या चकतीला अडते, आणि गाण्यात खालचे सूर याहून कमी. शिवाय किंमत. मला परवडले नसते.

आता बिघाडाकडे येतो. आषाढ-श्रावण बड्सनी काढला. सप्टेंबरात उजवा चार्ज होईना. चार्जिंगच्या डबीत, म्हणजे केसमध्ये, ठेवला तरी दिवा लागेना. भिंगाखाली धरून बघितलं तर चार्जिंगच्या दोन ठिपक्यांपैकी एकावर हिरवट चढलेलं, दुसरा स्वच्छ. एकाच ठिपक्यावर गंज आला याचा अर्थ सरळ आहे: घामातलं मीठ आणि ओलावा तिथे राहिला, केसमध्ये ठेवल्यावर त्यातून वीज वाहिली, आणि धन बाजूचा धातू विरघळत गेला. मी रोज पुसूनच ठेवत होतो. पण ठिपका पृष्ठभागाच्या आत खोलगट बसवलाय, कापड तिथवर पोचत नाही. हा घडणीतला दोष आहे.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “पाणी गेलंय बगा आत. वॉरंटीत बसत न्हाई.”

“अहो, खोक्यावर आयपीएक्स५ छापलंय की ओ. मग ते कशाला छापलंय?”

“ते खरं हाय, खरं कंपनी लिक्विड डॅमेज घेत न्हाई.”

त्याच्यावर माझा राग नाही, त्याला वरून जे सांगितलंय ते तो सांगतोय. राग आहे तो कंपनीवर. आयपीएक्स५ची चाचणी म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत, किमान तीन मिनिटं. जी वस्तू हा झोत झेलते असं तुम्ही खोक्यावर छापता, ती झडीत चालवली म्हणून वॉरंटी नाकारता? चाचणी गोड्या पाण्याने, नव्या मालावर होते, घामाने होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग ते खोक्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. आणि सगळ्यांनी एक बघून ठेवा: ते आयपीएक्स बड्सचं असतं. केसला बहुतेक वेळा काहीच नसतं. केस पावसात खिशात ठेवायची तर प्लास्टिकच्या पिशवीत.

कंपनीला ईमेल केला, भिंगातून काढलेले फोटो जोडले. उत्तर आलं, तक्रारीचं तिकीट बंद. पुन्हा केला, पुन्हा बंद. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला. तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडातही. बिल, खोक्याचा फोटो, ईमेल सगळं दिलं. त्यानंतर कंपनीचा स्वतःहून फोन आला, आणि दसरा उलटल्यावर नवा उजवा बड घरपोच मिळाला. कुरिअरचे दीडशे मागत होते, तेही मी दिले नाहीत. लोक दोन-तीन हजारांच्या वस्तूसाठी कशाला डोकं लावायचं म्हणून सोडून देतात, आणि कंपन्या याच भरवशावर बसलेल्या असतात. बिल जपून ठेवा, बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा, खोकं वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका.

नवा बड आला तर तो जुन्या डाव्याला ओळखेना. सोबत कागद नाही, काही नाही. फोनमधून जुनी जोडणी काढून, दोन्ही केसमध्ये ठेवून, दोन्ही बटणं एकदम दहा सेकंद दाबून धरली तेव्हा जुळले. हेही बटणं होती म्हणून जमलं.

तेव्हापासून घरी आलो की बड्स लगेच केसमध्ये घालत नाही. सुती कापडाने पुसतो, टोक केलेल्या कापसाच्या काडीने ठिपके कोरडे करतो, आणि पंख्याखाली तासभर उघडे ठेवतो. आता ठिपके स्वच्छ आहेत. बॅटरी थोडी उतरलीय, पण कामाला जाऊन येऊन भागते. घेताना गणपत गल्लीत जा की ऑनलाइन मागवा, पण एकदा कुणाचे तरी हेल्मेट आणि चष्म्यासकट घालून बघाच. कानामागे चष्म्याची दांडी, हेल्मेटचा पट्टा आणि हा आकडा, तिघांना एकाच जागेत बसायचं असतं. मला जमलं, माझ्या भावाच्या कानाला नाही.

भाचा यंदा सायकलने कॉलेजला जायला लागलाय, त्यालाही हेच घ्यायचे म्हणून चौकशी केली. कंपनीने नवी आवृत्ती काढलीय, बॅटरी जास्त, रंग चार, आणि बटण काढून टच पॅनेल बसवलंय. ते मी घेणार नाही. खडे बाजारातल्या एका दुकानात जुन्या मॉडेलचे दोन नग पडून आहेत असं कळलंय. शनिवारी जाऊन, बटण दाबून बघून, दोन्ही उचलायचा विचार आहे.