विद्यापीठाचा क्लस्टर, वर्षभर वापरून झाल्यावर

आमच्या जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यात लॅपटॉपवर ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) लावलं की तो तव्यासारखा तापायचा, म्हणून क्लस्टरवर (एकमेकांना जोडलेले बरेच ताकदवान कॉम्प्युटर) अकाउंट काढलं आणि खरं सांगू, प्रोटीनचं जे सिम्युलेशन घरी आठवडाभर रखडायचं ते तिथे एका रात्रीत होतं. पण रांग! स्लर्मला, म्हणजे कुणाचं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जॉब दिला की पेंडिंग, कारण काय तर 'प्रायॉरिटी', म्हणजे आधी दुसऱ्यांचा नंबर, बसा शेवभाजी खात. नंतर कळलं चूक माझीच, मी दरवेळी सरळ 72 तास मागायचो. 8 तास मागितले की मोठा जॉब सुरू व्हायच्या आधीच्या फटीत स्लर्म आपल्याला बसवतो, एसटीत तिघांच्या सीटवर चौथा सरकून बसतो ना, तसं. फक्त चेकपॉइंट फाइल (तिथवर झालेलं काम साठवणारी) ठेवा, वेळ संपला की जॉब किल, दयामाया नाही. लॉगिन नोडवर (सगळे जिथून आत शिरतात तो सामायिक कॉम्प्युटर) चुकूनही काही चालवू नका, मी चालवलं, दहा मिनिटांत ॲडमिनचा मेल. आणि स्क्रॅचचा (तात्पुरता डेटा ठेवायच्या जागेचा) बॅकअप नसतो हे कुणी सांगितलंच नाही राव, दोन महिन्यांचा डेटा साफ, वर गाईड म्हणतात 'नियम वाचायचे ना भाऊ'. साडेतीन स्टार. जीपीयू नोड (ग्राफिक्स कार्डवाले कॉम्प्युटर) वाढवले तर चार.