व्हॉइस रेकॉर्डर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: विराम गिळणारं सेटिंग आधी बंद करा

मुलीच्या लॅमडाच्या (लंडनच्या नाट्यशिक्षण संस्थेच्या) पद्य-गद्य सादरीकरण परीक्षेच्या तयारीसाठी हा छोटा रेकॉर्डर घेतला. मेमरी, वजन वगैरे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते आवाज आला की आपोआप सुरू होणाऱ्या रेकॉर्डिंगबद्दल.

हे सेटिंग डब्यातूनच चालू आलं होतं. शांतता झाली की रेकॉर्डिंग थांबतं, आवाज झाला की पुन्हा सुरू. मीटिंगला ठीक आहे हो, पण कवितेत यती नको ऐकू यायला? कडव्यानंतरचा विराम, ओळीच्या मधलं थबकणं, सगळं गायब. यंत्र जागं होईपर्यंत पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षरही गेलेलं. पोर जीव ओतून थांबायची आणि रेकॉर्डिंगमध्ये एका दमात सुटल्यासारखी वाटायची. ‘मी थांबले होते ना!’ म्हणत रडकुंडीला आली.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: ‘मॅडम, त्याने बॅटरी वाचते. वरचं मॉडेल घ्या.’ धडधाकट वस्तू असताना पुन्हा पैसे का घालायचे? संताप झाला. शेवटी मेनूत खोल दडलेलं ते सेटिंग मीच शोधून बंद केलं.

एकच स्टार देणार होते. पण नंतर माइकची आपोआप कमी-जास्त होणारी पातळीही बंद करून हाताने ठरवली, आणि मत बदललं. आधी कुजबुज आणि खणखणीत आवाज एकाच उंचीचे यायचे, आता चढउतार जसेच्या तसे येतात. माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘ब’ फुटत नाहीत.

खरा फायदा वेगळाच झाला. ओळ संपते, वाक्य मात्र पुढच्या ओळीत जातं, अशा जागी श्वास न घेता शेवटचा शब्द किंचित तोलून धरायचा असतो. मुलगी तिथे हळूच श्वास घेत होती. समोर बसून ऐकताना ते शिक्षिकेच्याही कानातून निसटलं, हेडफोनवर मात्र स्पष्ट ऐकू आलं. पाठांतर चोख असूनही 65 गुणांच्या मेरिट श्रेणीवरून 80 गुणांच्या डिस्टिंक्शनकडे जायचं, तर माझ्या मते अशाच जागा सुधाराव्या लागतात. तिने तो उतारा ऐकून स्वतःच दुरुस्त केला.

रिचार्जेबल सेल वापरत असाल तर मेनूत सेलचा प्रकार निवडा, नाहीतर बॅटरी उगाच कमी दिसते. आता चार स्टार. एक कापला तो त्या दडवलेल्या सेटिंगसाठी, आणि तो मी परत देणार नाही.