पाच महिने मॅपिंगमधल्या ॲरेसोबत: लांबीसाठी दोनदा गॅस भरला

परवा रात्री गटातल्या एका काकांचा फोन. "अरे, माझ्या शेवटच्या दोन पावत्या कुठे गेल्या? आणि मध्येच या दोन शून्य रुपयांच्या कशा आल्या?" आमच्या बॅडमिंटन गटाचा कोर्टभाड्याचा हिशेब मी पाच महिन्यांपूर्वी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, नेला. भाषा सॉलिडिटी ०.८, प्रत्येक पत्त्यामागे (सभासदाच्या चेनवरच्या खात्यामागे) पावत्यांचा एक ॲरे, म्हणजे क्रमवार यादी, आणि पत्त्यावरून यादी शोधून देणारं मॅपिंग पब्लिक.

पब्लिक लावलं की गेटर, म्हणजे बाहेरून नोंद वाचून देणारं फंक्शन, आपोआप मिळतो. पण तो पत्त्यासोबत अनुक्रमांकही मागतो आणि एकच पावती हातावर ठेवतो. एकूण किती, ते सांगतच नाही. हद्दीबाहेरचा क्रमांक दिला की रिव्हर्ट, म्हणजे विनंतीच रद्द. याचा राग पहिल्या दिवसापासून आहे, अजून गेलेला नाही.

म्हणून मी वेगळा काउंटर ठेवला. पावती टाकली की एक वाढवायचा, खोडली की एक कमी करायचा. दोन महिन्यांपूर्वी हा अनुभव लिहिला असता तर सगळ्यांना हेच करा म्हणालो असतो. आज नाही म्हणणार. डिलीट केल्याने ती जागा शून्य होते, लांबी तेवढीच राहते. काकांच्या चुकलेल्या दोन पावत्या मी खोडल्या, काउंटर ४१ वर आला, ॲरे मात्र ४३ चाच. पावत्या दाखवणारं वेबपान काउंटर बघून ४१ ओळींवर थांबलं.

त्यात खर्च. ॲरेची लांबी चेनवर साठवलेलीच असते, पुश केलं (शेवटी नोंद जोडली) की वाढते, आणि तो गॅस, म्हणजे चेनवर लिहिण्याचं शुल्क, आपण भरतोच. माझा काउंटर म्हणजे तीच नोंद दुसऱ्या वहीत: प्रत्येकाच्या पहिल्या पावतीला सुमारे २२,१०० गॅस, पुढे दर पावतीला ५,०००. पै पै जपणाऱ्याला हे झोंबतं.

डिप्लॉय झालेलं (चेनवर चढवलेलं) कॉन्ट्रॅक्ट बदलता येणार नव्हतं. मग काकांचा पत्ता ३२ बाइट्सचा केला, मागे मॅपिंगचा स्लॉट (साठवणीची जागा) क्रमांक जोडला, त्याचा केचॅक-२५६ हॅश काढला आणि त्या क्रमांकाचा स्लॉट, जिथे ॲरेची लांबी असते, बाहेरून वाचला. शून्यांची लांबलचक रांग आणि टोकाला २बी. हेक्समधलं (१६ च्या पायाच्या आकड्यांतलं) २बी म्हणजे ४३! गॅस शून्य. इतका आनंद या पाच महिन्यांत झाला नव्हता.

नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लांबी परत देणारं एका ओळीचं व्ह्यू (फक्त वाचणारं) फंक्शन आहे, बाहेरून विचारायला फुकट. शेवटची नोंद खोडलेल्या जागी आणून पॉप करता येतं (शेवटची जागा काढून टाकता येते), पण तारखांचा क्रम बिघडतो. म्हणून पावती आता खोडत नाही, 'रद्द' अशी खूण करतो. काकांच्या दोन्ही पावत्या त्याच रात्री दिसल्या.