गाडी पहिल्या गिअरला होती

गॅरेजला ४७,५०० रुपये. टोचनवाल्याला १,२००. आईला घेऊन घरी यायला भाड्याची गाडी केली, तिचे २,६००. एकूण ५१,३०० रुपये गेले, ‘इंजिन जाम झालंय’ या गॅरेजवाल्याच्या एका वाक्यावर, आणि इंजिन जाम झालंच नव्हतं.

मारुती ८००, २००७ चं मॉडेल. पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरून, पुन्हा पासिंग करून ठेवलेली. कोल्हापूरहून साताऱ्याला येत होतो. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो आणि परत आलो तर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) मारल्यावर नुसता ‘कट’ असा एक आवाज. हेडलाइट झगझगीत. सगळ्यात आधी हे लिहून ठेवा: इंजिन खरंच जाम असेल तर सेल्फ सगळा करंट ओढतो आणि दिवे एकदम मंद होतात. दिवे तसेच राहून नुसता ‘कट’ वाजला, तर आधी सेल्फ आणि त्याच्या वायरी बघायच्या. हे मला आज कळतंय.

धक्का मारून बघायचं का सुचलं नाही, असं सगळे विचारतात. सुचलं होतं. पण दुपारची वेळ, बरोबर ७६ वर्षांची आई, आणि चहावाल्याने बोलावलेला टोचनवाला म्हणाला, “साहेब, धक्का देऊ नका, इंजिन जाम असलं तर आतलं सगळं तुटंल.” त्याने गाडीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. आई म्हणाली, “अरे, मघाशी तर नीट चालत होती की.” मी तिलाच गप्प केलं. तिचंच बरोबर होतं. टेंपरेचरचा काटा मधोमध होता, ऑइलचा दिवा लागला नव्हता, खडखड नव्हती, ओढ कमी झाली नव्हती. इंजिन जाम व्हायच्या आधी यातलं काहीतरी सहसा दिसतंच.

आता ज्या गोष्टीने मला रात्र रात्र झोप येत नाही ती सांगतो. गॅरेजच्या दारात उतार होता. हँडब्रेक नीट धरत नाही म्हणून टोचन सुटल्यावर मी स्वतः गाडी पहिल्या गिअरला टाकली, चाकामागे दगड लावला आणि उतरलो. गॅरेजमालकाने क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या, बोल्टला पाना लावला, दोन्ही हातांनी ओढला, मग माझ्या हातात दिला. “बघा तुम्हीच, हलतोय का?” हलला नाही. कसा हलेल? गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड! इंजिन फिरवायचं म्हणजे अख्खी गाडी पुढे जायला हवी. मी आरसी काढायला परत गाडीत बसलो, तेव्हा गिअरचा दांडा पहिल्यात होता आणि माझं कोपर त्याला घासलं. तेवढ्यात नुसतं न्यूट्रल केलं असतं, तर तो पाना माझ्याच हाताने फिरला असता. मी आरसी घेतली आणि खाली उतरलो. अठरा वर्षं गाडी चालवणारा माणूस मी.

जागेवर २०,००० पाठवले. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो आला, रॉकेलच्या ट्रेमध्ये ओरखडे पडलेला पिस्टन. कुणाचा कोण जाणे. बाराव्या दिवशी गाडी घेताना उरलेले २७,५०० दिले. कच्च्या कागदावरचा हिशोब असा: बोअर ६,८००, पिस्टन-रिंग ९,४००, क्रँक घासणं आणि बेअरिंग ८,३००, गॅस्केट किट ३,२००, ऑइल-फिल्टर २,३००, मजुरी १७,५००. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी वर लागंल, बघा” म्हणाले. मी नको म्हटलं. तिथे मी माझाच पुरावा घालवला. दोन-चार हजार वाचवायला पक्कं बिल सोडू नका.

दोन महिन्यांनी घरासमोर पुन्हा तोच ‘कट’. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडी न्यूट्रल केली, तिन्ही स्पार्क प्लग काढले, पाना लावला आणि एका हाताने इंजिन फिरवून दाखवलं. मग खाली शिरले. थोड्या वेळाने म्हणाले, “काका, इकडं या.” ऑइल फिल्टरवर त्यांच्याच अक्षरात, मार्करने, गेल्या सर्व्हिसचे किलोमीटर लिहिलेले होते. २,३०० रुपये घेऊन फिल्टरसुद्धा बदलला नव्हता! हेडच्या बोल्टवरची जुनी काजळी जशीच्या तशी, म्हणजे इंजिन उघडलंच नव्हतं. सेल्फ उघडला तर आतले कार्बन, म्हणजे मोटारीला वीज पोचवणारे तुकडे, संपलेले. त्या लोकांनी तेच घासून परत बसवले होते. नवे कार्बन, बुश आणि मजुरी धरून १,४५० रुपयांत काम झालं.

प्लग काढून बघणं का महत्त्वाचं, तेही सांगतो. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत सिलिंडरमध्ये पाणी भरलं तरी इंजिन अडतं, आणि तसाच सेल्फ मारत राहिलात तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून फिरवलं की ते पाणी बाहेर येतं. कधी अल्टरनेटर जाम असतो. पट्टा काढून इंजिन फिरवलं की लगेच कळतं. यातलं काहीही न करता कुणी ‘इंजिन गेलं’ म्हणाला तर गाडी तिथून हलवा, टोचनचे पैसे परत गेले तरी चालतील.

मग तक्रार. आमच्या इथल्या ठाण्यात सांगितलं, प्रकार जिथे घडला तिथे जा. तिथे गेलो तर पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला अंमलदार म्हणाले, “गाडी चालू करून दिली ना? पैसे तुम्हीच दिले ना? मग हा दिवाणी वाद आहे.” न केलेल्या कामाचे पैसे खोटं दाखवून घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? मी फिल्टरचा फोटो पुढे केला, त्यांनी मोबाईल हातातही घेतला नाही. तिसऱ्या खेपेला अर्जावर शिक्का मारून पोच दिली, तीसुद्धा मी अडून बसलो म्हणून. आरटीओत सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. बँकेत सांगितलं, पिन तुम्ही टाकला, पैसे परत येणार नाहीत. चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, रजा गेल्या, आणि प्रत्येक ठिकाणी मलाच खुळ्यात काढलं. ज्याने लुटलं त्याला मात्र एकानेही फोन केला नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, वस्तूची तपासणी लागली तर पाच. माझे सात झालेत आणि हातात पुढची तारीख आहे.

इंजिन उघडायला सांगितलंत तर उघडलेला ब्लॉक आणि त्यावरचा इंजिन नंबर एकाच फोटोत मागा, तो आरसीशी जुळवा. जुने सुटे भाग घरी आणा. तो फिल्टर आता मी मिस्त्रींच्या लेखी जबाबासकट पिशवीत सीलबंद ठेवला आहे. कराडच्या आसपास कुणाला असाच कच्च्या कागदावर हिशोब मिळाला असेल तर तो फाडू नका, आणि फिल्टर काढण्याआधी त्याचा फोटो घ्या.